पाळणाघरात काय ऐकवावं? लहानपणी कानावर पडलेलं पुढे खरंच टिकतं का?

गवतीचहा

नमस्कार मंडळी. पाळणाघर आणि बालवाडी एकाच जागेत आहे. सहा महिने ते सहा वर्षं वयाची मुलं, दोन खोल्या. सकाळी मोबाइलवर बडबडगीतांची यादी सुरू होते, ती शेवटचं मूल घरी जाईपर्यंत वाजत राहते. हे बंद करून जूनपासून ऐकण्याची नीट आखणी करायची आहे.

पालकसभेत दोन तट पडले. एक म्हणतो, आत्तापासून शास्त्रीय लावा, संस्कार होतात, बुद्धी वाढते, आवड जन्मभर राहते. दुसरा म्हणतो, काहीही लावा, सातवी-आठवीत गेली की सगळ्यांची मुलं तेच ऐकणार जे वर्गात चालतं.

तर प्रश्न असे. एवढ्या लहानपणी ऐकलेल्याचा पुढच्या आवडीशी खरंच संबंध असतो का, आणि असला तर नेमका कशाशी? रोज किती वेळ, किती आवाजात, काय लावावं? हाताशी एक पेटी आहे, एक ताई ती बऱ्यापैकी वाजवतात. शिवाय एक छोटा ब्लूटूथ स्पीकर. जवळपास निम्म्या मुलांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात. मोठा खर्च शक्य नाही.

खर्जातला_सा

दोन्ही तट आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. कोणतं गाणं आवडतं ही एक गोष्ट. कोणत्या प्रकारचं संगीत कानाला सरळ वाटतं आणि कोणतं ऐकताना कान अडखळतो, ही दुसरी. दुसरी फार लवकर ठरायला लागते, मूल बोलायला लागण्याच्याही आधी. पहिली बरीच उशिरा.

तालाचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन प्रदेशातल्या लोकसंगीताच्या चाली ऐकवल्या. सात मात्रांचं आवर्तन, विभागणी ३+२+२ किंवा २+२+३. म्हणजे पहिली विभागणी आपल्या रूपक तालाचीच. मग त्या चालीत मुद्दाम मोडतोड करून बाळांना फरक कळतो का ते पाहिलं. सहा महिन्यांच्या बाळांना साध्या तालातली मोडतोड कळली आणि सात मात्रांतलीही कळली. बारा महिन्यांच्या बाळांना फक्त सवयीच्या तालातली कळली. मोठ्या अमेरिकनांचंही तेच. बल्गेरिया-मॅसिडोनियातून आलेल्या मोठ्या माणसांना मात्र दोन्ही सहज कळत होतं.

पुढचा भाग तुमच्या कामाचा. बारा महिन्यांच्या बाळांच्या घरी ते बाल्कन संगीत दिवसातून दोनदा, दर वेळी दहा मिनिटं, दोन आठवडे लावलं. गेलेला फरक परत कळायला लागला. मोठ्यांना तेवढ्याच ऐकण्याने जमलं नाही. म्हणून दिवसभर काही वाजत ठेवायची गरज नाही, रोजची वीस मिनिटं पुरतात. पण दोन आठवड्यांत आलेलं वर्षभर टिकतं असं यातून निघत नाही. तीच चाल महिन्या-दीड महिन्याने पुन्हा फिरून यायला हवी.

स्वरांचंही साधारण असंच. १९९० च्या एका अभ्यासात पाश्चात्त्य सप्तक आणि जावा बेटावरचं पेलोग सप्तक घेऊन त्यात एक स्वर बेसूर केला. सहा महिन्यांच्या अमेरिकन बाळांना दोन्हीकडचा बेसूर सारखाच कळला, मोठ्यांना आपल्या सप्तकातला जास्त. जोश मॅकडरमॉट यांच्या गटाने २०१६ मध्ये बोलिव्हियाच्या जंगलातल्या त्सिमाने लोकांना सुसंवादी आणि विसंवादी स्वरजोड्या ऐकवल्या, तर त्यांना दोन्ही सारख्याच बऱ्या वाटल्या. 'गोड लागणं' यातलाही काही भाग ऐकून ऐकून येतो.

बुद्धीचं मात्र पालकांना स्पष्ट सांगून टाका. तो सगळा गाजावाजा मोत्झार्टचं संगीत ऐकवण्याच्या ज्या १९९३ च्या प्रयोगावरून सुरू झाला, त्यात बाळं नव्हतीच. कॉलेजातले ३६ विद्यार्थी होते, कागदाच्या घड्या मनात उलगडण्यासारखी कोडी होती, आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तरी १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाच्या घरी शास्त्रीय संगीताची सीडी पाठवायचं काढलंच! गर्भसंस्काराच्या सीडींबद्दलही कुणीतरी विचारेल. गर्भाला सहाव्या-सातव्या महिन्यापासून ऐकू येतं हे खरं, पण पोटातून खालचे सूर पोचतात, वरचे गाळले जातात, आणि सगळ्यात नीट पोचतो तो आईचा स्वतःचा आवाज. पोटावर हेडफोन ठेवण्यात काही मतलब नाही.

शाळेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत मुलं अनोळखी संगीत फारसं नाक न मुरडता ऐकतात. दहा-अकराच्या सुमारास 'हे काय विचित्र' सुरू होतं, किशोरवयात ते टोकाला जातं, पुढे थोडं सैल होतं. म्हणजे तुमच्याकडची वयं सगळ्यात सोयीची आहेत. तिथे एकाच प्रकारचं संगीत ओतणं हाच काय तो तोटा. मग ते शास्त्रीय का असेना.

डग्गा

वरच्याशी सहमत. आता प्रत्यक्ष काय करायचं ते.

बाजारातली बालगीतं जवळपास सगळी आठ नाहीतर सहा मात्रांची असतात. केरवा किंवा दादरा. भोंडल्याची गाणी, भजनी ठेका, सिनेमातली बहुतेक गाणी, सगळं त्यातच बसतं. त्यामुळे या दोन तालांसाठी तुम्हाला वेगळं काही करायला नको, ती मुलांच्या कानात फुकटात जातात. कष्ट घ्यायचे ते रूपक (७) आणि झपताल (१०) यांच्यासाठी. दोन पुरेत. दीपचंदी वगैरेच्या मागे लागू नका.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी रूपक असा घ्या. बोल: ती ती ना, धी ना, धी ना. पहिल्या आठवड्यात तबला नाही, पेटी नाही, रेकॉर्डिंग नाही. फक्त तोंडाने बोल आणि पायांनी चालणं: तीन पावलं, दोन पावलं, दोन पावलं, आणि प्रत्येक गटाच्या पहिल्या पावलाला पाय आपटायचा. गोलात चाला, सरळ रेषेत नको. सरळ रेषेत भिंत आली की मुलं थांबतात आणि आवर्तन तुटतं. दुसऱ्या आठवड्यात पावलांच्या जागी टाळ्या. तिसऱ्या आठवड्यात त्याच तालातलं गाणं.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. मुलं (आणि ताईसुद्धा) सातव्या मात्रेनंतर नकळत एक मात्रा थांबतात आणि सातचे आठ करून टाकतात. केरव्याला सरावलेल्या कानाला आवर्तन 'पुरं' करायचं असतं. उपाय म्हणजे शेवटचा 'ना' आणि पुढची 'ती' जोडून म्हणायची, 'नाती' असा एकच शब्द असल्यासारखी. श्वास आवर्तनाच्या शेवटी घ्यायचा नाही, मध्ये चौथ्या मात्रेच्या आधी चोरून घ्यायचा. ताईंना आधी स्वतः दोन-तीन दिवस हे पक्कं करावं लागेल, नाहीतर अख्खा वर्ग आठ मात्रांचा रूपक शिकेल.

रूपकाची सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, खाली असते: तिथे टाळी नसते. मुलं ती जागा रिकामी सोडायला तयार होत नाहीत, तिथेच जोरात टाळी देतात. देऊ द्या. शास्त्र नंतर.

लय हा दुसरा घोटाळा. मोठ्या माणसाची स्वाभाविक टाळी मिनिटाला शंभराच्या आसपास पडते, चार-पाच वर्षांच्या मुलांची त्याहून बरीच जलद. ताई आपल्या लयीत घेतात, मुलांना ती रेंगाळलेली वाटते, मग ती मधल्या जागेत जास्तीची टाळी घालतात आणि आपण म्हणतो ताल चुकला. मिनिटाला १३० ते १५० मात्रा ठेवा. फोनवरच्या मेट्रोनोममध्ये (ठरावीक लयीत टकटक करणारं अ‍ॅप) आधी लय पाहून घ्या आणि मग तो बंद करा. त्याच्या टकटकीवर मुलांना चालवू नका.

झपताल: धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. पावलं २+३+२+३. रूपक जमल्यावर हा सोपा जातो, कारण दोन-तीनचे गट आधीच पायांत असतात. उलट क्रमाने केलं तर जास्त वेळ लागतो.

बाळांच्या खोलीत स्पीकरपेक्षा मांडी कामाची. २००५ मध्येच जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना कुठेच जोर नसलेला एक ठोका दोन मिनिटं ऐकवला. काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर जोर असलेले दोन प्रकार ऐकवले, तर ज्याला जसं झुलवलं त्याला तसंच जास्त आवडलं. नुसतं दुसऱ्याला झुलताना पाहिलेल्या बाळांवर असा परिणाम झाला नाही. म्हणून दादऱ्याचं गाणं म्हणताना दर तिसऱ्या मात्रेला झोका, केरव्याला दर दुसऱ्या किंवा चौथ्या. मान पक्की सावरलेलीच बाळं घ्या, पाठीला आणि मानेला हात असू द्या, आणि झोका म्हणजे झोका. डोकं मागेपुढे हिसकलं जाता कामा नये.

शिकलंय का ते पाहायचं असेल तर 'चूक पकडा' खेळा. ओळखीचं गाणं म्हणताना एका ओळीत एक मात्रा मुद्दाम वाढवायची आणि काही न बोलता पुढे जायचं. ज्या मुलांच्या कानात ताल बसलाय ती मान वर करतात, हसतात किंवा ओरडतात. केरव्यात हे लगेच होईल. रूपकात व्हायला वेळ लागेल. परीक्षा म्हणून घेऊ नका, गंमत संपते.

चौकस

दुसऱ्या तटाची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितोय.

आवडत्या गाण्यांचा काळ शोधणारे अभ्यास पाहिले तर बालवाडी कुठेच येत नाही. हॉलब्रुक आणि शिंडलर यांनी १९८९ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या लोकांना जुनी-नवी लोकप्रिय गाणी ऐकवली, तर ऐकणारा साधारण २३-२४ वर्षांचा असताना आलेल्या गाण्यांना सर्वाधिक पसंती होती. २०१८ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्पॉटिफायच्या आकड्यांवरून एक विश्लेषण आलं, त्यात हे वय आणखी खाली होतं: मुलींसाठी ११ ते १४, मुलांसाठी १३ ते १६. आकड्यांत तफावत आहे कारण एकात लोकांना गुण द्यायला सांगितले होते आणि दुसऱ्यात ते स्वतःहून काय लावतात ते मोजलं. पण दोन्हीकडे पाच वर्षांखालचं वय नाही.

म्हणून 'आत्ता भीमपलास लावला की पुढे मैफलींना जाईल' असं आश्वासन पालकांना देऊ नका.

आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकवण्याबद्दल. परिचयाने आवड वाढते हे झायन्सने १९६८ मध्ये दाखवलं, पण ती वाढतच जात नाही. एका मर्यादेनंतर कंटाळा येतो आणि आवड घसरते. साधी चाल लवकर विटते, गुंतागुंतीची उशिरा. एका वेळी सहा ते आठ रचना, दोन आठवडे, मग बदल, अशी पाळी ठेवा. त्यात साध्या रचनांना आधी सुट्टी द्या.

एक इशारा: विशिष्ट संगीत 'आता गप्प बसा' किंवा 'डोळे मिटा' या हुकमाला जोडू नका. बालवाड्यांमध्ये बासरी नाहीतर सतार नेमकी त्याच वेळी लावतात. मग त्या वाद्याशी कंटाळाही जोडला जातो.

खर्जातला_सा

चौकस, आकडे बरोबर, पण एक राहिलं. कॅरल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांनी २०१३ मध्ये विशीतल्या अमेरिकन विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ मधली गाजलेली गाणी ऐकवली. त्यांच्या स्वतःच्या वयातल्या गाण्यांना पसंती होतीच, पण १९८० च्या सुरुवातीच्या गाण्यांचाही एक उंचवटा दिसला. म्हणजे त्यांचे आईवडील तरुण असतानाची गाणी. आणि १९६० च्या दशकाचा आणखी एक, आजीआजोबांच्या वळणाचा. ही गाणी त्यांच्या कानावर घरात लहानपणीच पडली असणार. तेव्हा बालपण अगदीच वजा करता येत नाही. मात्र ते घराचं बालपण आहे. पाळणाघर त्यात किती भर घालेल याबद्दल मीही हात राखूनच बोलेन.

अनुनाद

सूर, स्पीकर आणि आवाज याबद्दल कुणी लिहिलं नाही.

सूर. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आरामात गाता येणारा पट्टा लहान असतो: पेटीच्या पट्ट्यांत साधारण पांढरी दोन ते वरची पांढरी सहा, म्हणजे २९४ ते ४४० हर्ट्झ. बहुतेक ताई आपल्या सोयीच्या काळी चार-पांढरी सहाच्या आसपास खाली सा धरतात. तो सुमारे २१० ते २२० हर्ट्झवर येतो आणि गाण्याचा अर्धा भाग मुलांच्या पट्ट्याखाली जातो. मग मुलं एकतर घशातून गुरगुरतात किंवा सूर सोडून ओरडतात, आणि 'यांना सूर नाही' असा शिक्का बसतो. पेटीवर पांढरी दोनला सा धरा आणि सा ते प मध्ये बसणारी गाणी निवडा. पुरुष शिकवत असेल तर त्याचा आवाज एक सप्तक खाली असतो, लहान मुलांना तो सूर पकडायला अवघड जातो. त्याने मुलांच्याच सप्तकात पेटीवर सूर वाजवून दाखवावा.

बाळांना गाताना मात्र हे काहीच पाळायचं नाही. त्यांना आपल्याबरोबर गायचं नसतं. तुम्हाला सोयीच्या सुरात गा.

स्पीकर. फोनच्या स्पीकरमधून ३०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही येत नाही. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास असतो, तो पूर्ण गायब होतो आणि तबल्याची नुसती टिकटिक उरते. तंबोऱ्याचं त्या मानाने निभावतं, कारण वरच्या स्वरांशांवरून कान खालचा सूर स्वतः भरून काढतो. डग्ग्याची मींड, म्हणजे त्याचा घसरत जाणारा सूर, तशी भरून निघत नाही. म्हणून ताल ऐकवायचा तर फोन बाजूला ठेवून ब्लूटूथ स्पीकरच वापरा. तो भिंतीला टेकवून किंवा कोपऱ्यात ठेवला की खर्ज थोडा वाढतो, त्यासाठी पैसे लागत नाहीत. टेबलाच्या मधोमध ठेवाल तर पातळ वाजेल.

आवाज. झोपण्याच्या खोलीत बाळाच्या डोक्यापाशी ५० डेसिबलच्या वर नको आणि स्पीकर पाळण्यापासून किमान २ मीटर दूर. झोपेसाठी विकतात त्या पांढऱ्या आवाजाच्या यंत्रांपैकी काही पूर्ण आवाजावर जवळून ८५ च्या वर जातात, ती पाळण्याला लटकवू नका. खेळण्याच्या खोलीत ६० ते ६५, म्हणजे समोरासमोर बोलतो तेवढा. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची मर्यादा आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल अशी आहे. पण वीस मुलं खेळत असताना खोलीच ७० च्या पुढे असते. त्या गलबल्यावर संगीत चढवलं तर दोन्ही वाढतात. संगीत लावायचं तर मुलं बसलेली असताना, नाहीतर लावू नका. फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप चार-पाच डेसिबल इकडेतिकडे दाखवतं, तरी अंदाजाला पुरतं.

दिवसभराची यादी बंद करायचं आणखी एक कारण: मागे सतत आवाज असला की दोन वर्षांच्या आतबाहेरची मुलं नवे शब्द कमी उचलतात.

गवतीचहा

सगळ्यांचे खूप आभार, ताईंना छापूनच देते. तीन शंका उरल्या.

एक, आमच्या ओळखीतले एक गायक म्हणतात की पेटीने मुलांचा कान बिघडतो, लहानपणी तंबोराच हवा. दोन, कन्नड-हिंदी घरांतल्या मुलांसाठी काय? तीन, फोन बंद केला की मुलं पहिले काही दिवस रडून तीच गाणी मागणार, तेव्हा काय करायचं?

अनुनाद

पेटीचं: त्यांचं म्हणणं अगदी हवेतलं नाही. पेटीचे स्वर समान अंतरांवर लावलेले असतात. शुद्ध गंधार तंबोऱ्यावर ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा १४ सेंट चढा येतो, शुद्ध धैवत १६ सेंट चढा, कोमल गंधार १६ सेंट उतरलेला. पंचमात फक्त २ सेंटचा फरक. शंभर सेंट म्हणजे एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर. पण चार वर्षांचं मूल गाताना याच्या कितीतरी पट इकडेतिकडे जातं, त्यामुळे या वयात पेटीने बिघाड होतो म्हणणं मला पटत नाही. पेटीचा खरा तोटा निराळाच: ताई प्रत्येक अक्षरावर पट्टी दाबत जातात आणि मुलं पेटीच्या मागून गायला लागतात. सुरुवातीचा सा आणि पहिली ओळ वाजवा, मग हात काढून घ्या आणि तोंडाने गा. खाली फोनवरच्या तंबोऱ्याचं अ‍ॅप ब्लूटूथ स्पीकरवर हळू आवाजात, सा-प मध्ये. गाणं संपल्यावर पेटीवर सा दाबून पाहा, सूर कुठे घसरला ते कळेल. बहुधा खालीच घसरतो.

खर्जातला_सा

घरच्या भाषांचं: ही अडचण नाहीच. प्रत्येक पालकाकडून घरात खरोखर गायल्या जाणाऱ्या दोन गोष्टी मागवा. एक झोपवायची अंगाई, एक खेळवायचं गाणं. गाणारी व्यक्ती तीच जी घरी गाते, मग ती आजी असो की काका, सूर कसाही असो. एक मिनिटाचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुरे. सोबत चार गोष्टी लिहून घ्या: मुलाचं नाव, कोण गातं, कधी गातं, आणि शब्द देवनागरीत जसे ऐकू येतात तसे. बरेच पालक लाजून सिनेमातलं किंवा यूट्यूबवरचं पाठवतात, 'आमच्याकडे कुणी गात नाही' म्हणतात. अंघोळीच्या वेळी काय म्हणता असं विचारा, निघतं काहीतरी.

हे इतकं का सांगतोय? सॅम्युअल मेहर आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २०१६ मध्ये पाच महिन्यांच्या बाळांवर केलेलं काम. आई किंवा वडील एक नवी चाल एक-दोन आठवडे घरी गात होते. नंतर दोन अनोळखी माणसं दाखवली, एक ती चाल गाणारं, एक दुसरी. बाळं आपली चाल गाणाऱ्याकडे जास्त वेळ पाहत राहिली. तीच चाल वाजणाऱ्या खेळण्यातून ऐकलेल्या बाळांमध्ये, किंवा पडद्यावरच्या ओळखीच्या-पण-परक्या माणसाकडून ऐकलेल्यांमध्ये, हे घडलं नाही. बाळासाठी चाल माणसाला चिकटलेली असते. ताईने कन्नड अंगाई चुकत-माकत म्हटली तरी ती उत्तम रेकॉर्डिंगपेक्षा उजवी.

ताईंनी आठवड्याला दोन गाणी शिकावीत. मूळ सूर धरायची गरज नाही, सहा महिन्यांच्या बाळाला आठवडाभर ऐकलेली चाल दुसऱ्या सुरात गायली तरी ओळखता येते. लय मात्र घरच्यासारखी ठेवा. त्याच वयाच्या बाळांना ऐकलेल्या चालीची लय किंवा वाद्य बदललं तर ते वेगळं काही आहे असं वाटतं.

रागांबद्दल दोन ओळी, कारण पालक विचारतील. बालगीतं बहुतेक शुद्ध स्वरांची असतात, तेव्हा त्यांच्या जोडीला कोमल स्वरांचं काही हवं. पहिल्या पंधरवड्यात सवयीच्या शुद्ध स्वरांचा भूप किंवा दुर्गा, पुढच्यात कोमल स्वरांचा भीमपलास, मग मालकंस, मग भैरवी. रेकॉर्डिंग असेल तर मध्यलयीची बंदिश, तीन-चार मिनिटांची. विलंबित ख्याल बाजूला ठेवा. त्याच्या एका मात्रेत मुलाचं लक्ष दोनदा उडून परत येतं.

डग्गा

तिसऱ्या शंकेचं: एका दिवसात सगळं बंद करू नका. मुलं मागतात ती तीन गाणी घ्या आणि तीच ताईंनी तोंडाने म्हणायची, पडदा नाही. पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा रेकॉर्डिंग फक्त आवाजावर, फोन उलटा ठेवून. दुसऱ्या आठवड्यात एकदा. रडणं बहुतेक वेळा चित्रासाठी असतं. तिसऱ्या आठवड्यापासून त्याच गाण्याचे शब्द ठेवून चाल रूपकात बसवून पाहा. बसवताना शब्द ओढावे लागतात, पोरं खिदळतात, आणि 'चूक पकडा' आपोआप सुरू होतो. यादीतलं आपोआप पुढचं गाणं लावणारं बटण मात्र पहिल्याच दिवशी बंद करा. तेच दिवसभर वाजत राहण्याचं मूळ आहे.

पायरीचा_आंबा

थोडं अवांतर. गणपतीत पाळणाघरासमोरून मिरवणूक जाते. पालक म्हणतात मुलांना ढोल-ताशा जवळून ऐकू द्या, आपला ताल कानात बसेल. बसतो का?

अनुनाद

ताल लांबूनही तितकाच बसतो. पथकाच्या अगदी जवळ आवाज १०० डेसिबलच्या वर सहज जातो. मोठ्या माणसांच्या कामाच्या जागेसाठी वापरतात तो हिशोब ८५ ला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. त्याने १०० ला पंधराच मिनिटं येतात, आणि मुलांसाठी मर्यादा याहून कमी धरायची. दोन-अडीच वर्षांखालच्यांना आतल्या खोलीत ठेवा, खिडक्या लावून. मोठ्यांना गॅलरीतून किंवा ३०-४० मीटरवरून पाहू द्या, तेही कानावर बसणारे मुलांच्या मापाचे इअरमफ घालून. कानात कापसाचे बोळे घालतात त्याने फार थोडा आवाज कमी होतो, त्यावर विसंबू नका. पथक पुढे गेल्यावर मुलांकडून पावलांनी तोच ठेका काढून घ्या. एखादं मूल कान धरत असेल किंवा हाक मारल्यावर नेहमीसारखं वळत नसेल तर त्याच दिवशी पालकांना सांगा आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवायला लावा.